फक्कीची घरं

आनंदरावांनी भोरहून आणलेली बातमी कोंढाळकरांच्या घरात सगळ्यांनी ऐकली. मग सर्जेरावांनी पान थुंकलं आणि विचारलं,

"म्हंजी आमी एका आईची लेकरं हाय, ह्यो गुन्हा झाला?"

"गुन्हा न्हाई," आनंदराव म्हणाले. "अपात्रता."

गुन्हा परवडला असता, असं सर्जेरावांच्या चेहऱ्यावर दिसलं. गुन्ह्याला निदान वकील मिळतो.

पानशेत फुटलं त्याच्या दुसऱ्या हिवाळ्यातली ही गोष्ट. मार्गासनीचं घर तोवर असं भरलं होतं की पावसाळ्यात कोरड्या जागेवर माणसं पाळीनं झोपत. म्हणून कामथडीच्या माळावर जागा धरली, भावाभावांनी आणि चुलत्या-पुतण्यांनी मिळून मेंगाई गृहरचना संस्था काढली, आणि सरकारी मदतीनं दहा घरं उठवायचं ठरवलं. थोरले रामभाऊ चेअरमन, मधले सर्जेराव खजिनदार, धाकटे आनंदराव भोरच्या शाळेत मास्तर असल्यामुळे सेक्रेटरी. बाकीचे सभासद चुलतभाऊ आणि पुतणे. सगळं घरातल्या घरात झालं होतं, आणि तेच आता नडत होतं.

"नव्या कायद्यात साफ लिव्हलंय," आनंदराव म्हणाले. "संस्थेला कमीत कमी धा मानसं पायजेत, आणि प्रत्येक मानूस येगळ्या कुटुंबातला पायजे. आपल्याकडं मानसं धा हायत. कुटुंब एक हाय."

"आन् आमी लिवून दिलं, की येगळी हायत म्हनून?" रामभाऊंनी विचारलं.

"खोटं निघालं तर पंच जबाबदार. चेअरमन पयला."

रामभाऊंनी डोक्यावरची टोपी काढली, आत बघितलं आणि परत घातली.

दाराआड उभ्या असलेल्या लीलाबाईच्या अंगावर काटा आला. ती आनंदरावांची बायको, घरातली धाकटी जाऊ. मुंबईला कुठंतरी, तिनं जन्मात पाहिलं नव्हतं अशा दालनात, पांढरीशुभ्र कापडं घातलेली माणसं बसली होती आणि तिच्या चुलीचा विचार करत होती! वेगळ्या चुलीचा विचार ती स्वतः चौदा वर्षं करत आली होती. तिला कुणी विचारलं नव्हतं. कायद्यानं न विचारता ओळखलं होतं. एखाद्या देवाला इतक्या लांबून इतकं बारीक दिसत नसेल.

चौदा वर्षांत तिनं या घरात डोंगराएवढ्या भाकरी थापल्या होत्या, मिरच्या कुटल्या होत्या, पाटा झिजवला होता. पण एकाही भांड्यात मीठ घातलं नव्हतं. कोंढाळकरांच्यात मीठ थोरलीच्या हातचं. सासूनं डोळे मिटायच्या आधी मिठाचं मडकं रामभाऊंच्या बायकोच्या, आक्काबाईंच्या, पुढ्यात सरकवलं होतं, आणि तेव्हापासून बाकीच्या बायका कालवण शिजवून बाजूला व्हायच्या. आक्काबाई यायच्या, वाफेकडे बघायच्या, मूठ भरायच्या. नैवेद्याआधी चाखायचं नसतं, म्हणून चाखायच्या नाहीत. बत्तीस माणसं जेवायची. अळणी आणि खारट हे शब्द या घरात फक्त शेजाऱ्यांच्या जेवणाबद्दल वापरत.

"सायेब जाग्यावर येऊन बघनार," आनंदराव सांगत होते. "येगळं कुटुंब म्हंजी येगळी चूल. रेशनकार्डालाबी हेच धरत्यात."

हे ऐकून सगळ्यांनी एकदम आक्काबाईंकडे बघायचं टाळलं. चार वर्षांपूर्वी सर्जेरावांनी भांडून गोठ्यात तीन दगड मांडले होते, वेगळं व्हायला. आक्काबाई जाऊन त्या दगडांवर बसल्या होत्या आणि सर्जेराव मुकाट्यानं घरात जेवायला येईपर्यंत उठल्या नव्हत्या. दगड तापलेले नव्हते, एवढंच नशीब.

आक्काबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"चुली किती पायजेत म्हनलास, आनंदा?"

"धा, वैनी."

"माती भिजवा," आक्काबाई म्हणाल्या.

*

दहाही चुली त्यांनी स्वतःच्या हातानं घातल्या. कुणाला हात लावू दिला नाही. माळावर आनंदरावांनी चुन्याची पांढरी फक्की मारून, पाठीला पाठ लावून दोन ओळींत, दहा घरं आखली होती. प्रत्येकाला दोन खोल्या, एक पडवी, आणि दार दाखवायला रेघेत सोडलेली फट. भिंत अजून एकही नव्हती. आक्काबाईंनी प्रत्येक घराच्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात एकेक चूल बसवली, ओल्या हातानं सारवली आणि वाळू दिली.

साहेब येणार त्या सकाळी मार्गासनीच्या चुलीतला विस्तव राखेत दाबून घमेल्यातून बैलगाडीनं आला. त्याच्यावर दहा चुली पेटल्या. वारा पडला होता. दहा धूर सरळ वर गेले, अगदी रूळ धरून आखल्यासारखे, आणि पश्चिमेला राजगड त्यांच्यामागं निळा उभा राहिला. साताऱ्याकडं निघालेली एसटी हळू झाली. ड्रायव्हरनं मान बाहेर काढली, मागच्या खिडक्यांतून माणसं बघू लागली. बाया आहेत, चुली आहेत, धूर आहे, आणि घरं नाहीत. एका म्हाताऱ्यानं गाडीतूनच हात जोडले. कुठला देव म्हणून जोडले ते त्याला विचारायला हवं होतं.

लीलाबाईनं पायताण रेघेबाहेर काढलं आणि फटीतून आपल्या घरात गेली. आत गवत होतं. तिनं ते झाडलं. झाडून झाल्यावरही गवतच होतं, पण आता ते तिचं होतं. छाती इतकी भरून आली की दीर्घ श्वास घेताना तिला वाटलं, भिंतीला धक्का लागेल.

"लीले!" शेजारच्या घरातून धोंडाबाईनं हाक मारली. ती सर्जेरावांची बायको. "कसं वाटतंय गं?"

"मोठं हाय."

"मोठं का न्हाई आसनार? आकाशापातूर हाय."

आनंदराव घराघरांतून सूचना देत फिरत होते. "कुनीबी आपली चूल सोडायची न्हाई. हिच्या घरातनं तिच्या घरात जायचं न्हाई. वैनी, तुमीबी न्हाई. तुमी शेवटच्या घरात. जाग्यावरनं हलायचं न्हाई."

"न्हाई हालत," आक्काबाई म्हणाल्या.

दहा चुलींना पीठ, डाळ, तिखट, तेल सगळं वाटून दिलं होतं. मीठ कुणी मागितलं नव्हतं, कुणी दिलंही नव्हतं. मिठाचं मडकं गाडीतून उतरून आपोआप आक्काबाईंच्या शेजारी जाऊन बसलं होतं, आणि त्यात कुणाला काही वावगं दिसलं नव्हतं.

*

साहेब किडकिडीत होते. हातात छत्री, बगलेत कातडी बॅग. थांब्यावरून माळ तुडवत आले आणि सरळ धोंडाबाईच्या घरात शिरले.

"अवो सायेब!" धोंडाबाई ओरडली. "भितीतनं कुठं आलासा! दार तकडं हाय!"

साहेबांनी खाली बघितलं. पायाखाली फक्कीची रेघ होती. ते मागं गेले, वळसा घालून फटीपाशी आले आणि आत येताना नसलेल्या चौकटीखाली त्यांनी डोकं वाकवलं. लीलाबाईनं ते पाहिलं. तिचा हात आपोआप छातीशी गेला. सरकारनंसुद्धा घर मानलं होतं.

"तुमचं कुटुंब वेगळं?" साहेबांनी विचारलं.

"लई येगळं," धोंडाबाई म्हणाली.

"या शेजारच्या बाई कोण?"

"कोन जानं. तोंडदेखली वळख हाय." आणि तव्यावरची भाकरी जळायला लागली तशी मान न वळवता म्हणाली, "लीले, उलथनं दे गं माजं, तुज्याकडं ऱ्हायलंय."

लीलाबाईनं हात लांब करून, भिंतीतून, उलथणं दिलं. आनंदरावांनी राजगडाकडे तोंड फिरवलं.

साहेब घराघरांतून हिंडले, चुलींत डोकावले, राखेला बोट लावून पाहिलं. रामभाऊ हात बांधून मागोमाग.

"चुली दहा आहेत खऱ्या," शेवटी ते म्हणाले. रामभाऊंच्या अंगात एकदम जीव आला.

"मग आता सायेब, चार घास खाऊन जायाचं. न्हाई म्हनायचं न्हाई. कुटल्याबी कुटुंबात बसा. समदी येगळीच हायत."

साहेब धोंडाबाईच्या चुलीपुढं बसले. भाकरी मोडली, आमटीत बुडवली, घास घेतला. चावता चावता थांबले. मग उठले आणि पुढच्या घरी गेले. तिथं एक घास. त्याच्या पुढच्या घरी एक घास. दर घासागणिक त्यांचा चेहरा जास्त जास्त विचारी होत गेला.

तिसऱ्या घरापासून लीलाबाईला कळून चुकलं. तिच्या चुलीवरची आमटी उकळून बाजूला झाली होती आणि ती, बाकीच्या आठ घरांतल्या बायकांसारखीच, सकाळपासून वाट बघत बसली होती. आक्का येतील, वाफेकडे बघतील, मूठ भरतील. मडकं दिसत होतं. हाक मारली असती, तरी चिमूटभर आणता आलं असतं. चौदा वर्षं जिची वाट पाहिली ती चूल पुढ्यात पेटली होती, आणि मिठासाठी हात उचलायचं तिच्या मनातच आलं नव्हतं.

साहेब तिच्या पुढ्यात बसले. तिनं वाढलं. त्यांनी घास घेतला आणि तिच्याकडे बघितलं. तिनं मान खाली घातली.

"बाई," साहेब हळू म्हणाले, "डॉक्टरनं चार वर्षं माझं मीठ बंद केलंय. घरी रोज मी हेच खातो. अळणी माझ्याएवढं या जिल्ह्यात कुणाला कळत नसेल. आणि अळणी कुणी हौसेनं खात नाही, हेही."

सर्जेराव पुढं सरसावले. "आमच्यात मीठच खात न्हाईत, सायेब. कुलदेवीचं हाय."

"सगळ्यांची?"

"समद्यांची."

"दहा वेगळ्या कुटुंबांची एक कुलदेवी, एक नेम, आणि तो एकाच दिवशी?"

सर्जेरावांनी थोडा विचार केला आणि मागं सरकले.

साहेब उठले. शेवटच्या घराकडे त्यांनी छत्री रोखली. "ते मडकं कशाचं?"

माळावर कुणी हललं नाही. नुसते धूर हलत होते.

"मिठाचं," आक्काबाई म्हणाल्या.

"आणि बाकीच्यांचं मीठ कुठं आहे?"

"ह्येच."

आनंदरावांनी डोळे मिटले. साहेबांनी बॅगेचा पट्टा लावला. त्यांच्या आवाजात राग नव्हता, उलट एक प्रकारचं अवघडलेपण होतं, देवळात चपला घालून गेल्यासारखं.

"हे एक कुटुंब आहे, चेअरमन. असलं कुटुंब मी नोकरीत पाहिलं नाही. पण कायद्याला दहा पाहिजेत. मी खोटं लिहिणार नाही आणि तुम्हालाही लिहू देणार नाही, नाहीतर तुम्हीच अडकाल. पुढच्या गाडीनं जातो."

पुढची गाडी यायला वेळ होता. साहेब थांब्याकडे गेले नाहीत. रेघेबाहेर, छत्री टेकून उभे राहिले.

लीलाबाईनं आपल्या घराकडे बघितलं. वाऱ्याची एक झुळूक आली आणि पडवीची फक्की थोडीशी उडाली.

आक्काबाई उठल्या. मडकं कडेवर घेतलं, लेकरू घेतात तसं. फटीतून, दारातून, बाहेर पडल्या. रेघ एकदाही ओलांडली नाही. पहिल्या घरापाशी आल्या, दारातून आत गेल्या आणि धोंडाबाईच्या ताटात ओंजळभर मीठ ओतलं. जाड्या खड्यांचा आवाज झाला. दुसऱ्या घरी गेल्या. तिसऱ्या.

"अगं पर," रामभाऊ मागून पुटपुटले, "सायबानं तर बघितलं समदं. आता वाटून काय उपेग?"

"फसवायचं आसतं तर म्या चुली घातल्याच नसत्या," आक्काबाई न थांबता म्हणाल्या.

हे वाक्य रामभाऊंना समजलं नाही. सर्जेरावांना समजलं नाही. आनंदरावांना समजलं, ते आठ वर्षांचे असताना या वहिनीनं त्यांना पदराखाली घेतलं होतं. त्यांनी तोंडावरून उपरणं फिरवलं. आणि लीलाबाईच्या लक्षात आलं, की गेले आठ दिवस, एकेक चूल सारवताना, आक्काबाई घर मोडत होत्या. स्वतःच्या हातानं, कुणाला हात लावू न देता. दगडांवर बसून राहणारी ही बाई. लीलाबाईला ती एकदम माळाएवढी मोठी दिसली, मागच्या राजगडासकट.

आक्काबाई तिच्या दारात आल्या. लीलाबाईनं सवयीनं दोन्ही हात पुढं केले.

"हातात न्हाई देत, येडे. भांडान हुतं. परात आन."

तिनं परात धरली. मीठ पडलं, ओंजळ आणि वर आणखी अर्धी.

"आज घाल. उद्याबी घाल. म्या येनार न्हाई."

"आक्का, किती घालू?"

आक्काबाईंनी मडकं कडेवर सावरलं. "तुजं घर हाय," म्हणाल्या आणि पुढच्या दाराकडं गेल्या.

लीलाबाईनं वाफेकडे बघितलं. वाफेत तिला काहीसुद्धा दिसलं नाही. या वाफेत आक्का एवढी वर्षं काय वाचत होत्या, देव जाणे. तिनं तीन बोटांत खडे धरले. सोडले. परत धरले. मग, देवळात घंटा वाजवताना करतात तसे डोळे मिटून, आमटीत टाकले.

*

"गाडीला अजून वेळ आहे," साहेब म्हणाले. "तपासणी अर्धवट ठेवता येत नाही."

ते पुन्हा पहिल्या घरात बसले. धोंडाबाईची आमटी तिच्या जिभेसारखीच निघाली. साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते नुसतं तिखटाचं नव्हतं. पुढच्या घरात मीठ घालायचंच राहिलं होतं. त्याच्या पुढच्या घरात दोघी सासू-सुनांनी एकमेकींना न सांगता दोनदा घातलं होतं. एकीची पांचट, एकीची झणझणीत. चार वर्षांच्या उपाशी माणसासारखे साहेब घरामागून घर करत होते, दर दारात डोकं वाकवत होते, आणि तपासणीच्या नावाखाली वाटी पुसून खात होते. लीलाबाईच्या चुलीपाशी त्यांनी दोन घास घेतले.

"किंचित कमी आहे," ते म्हणाले.

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिच्या मिठाला नाव ठेवलं होतं. लीलाबाईला हसू आवरेना, म्हणून तिनं पदर तोंडात धरला.

शेवटचं घर आक्काबाईंचं. चूल तीच, पण तिच्यावर आज छोटं पातेलं. नवरा-बायको, दोनच पानं. साहेबांनी घास घेतला. त्यांचे कान लाल झाले. रामभाऊंनी घाबरून पाण्याचा तांब्या पुढं केला. साहेबांनी तो बाजूला सारला, अख्खी वाटी संपवली, शांतपणे बोटं चाटली आणि बॅगेचा पट्टा सोडला.

"वेगळी कुटुंबं," ते म्हणाले. "दहा. मी स्वतः तपासली आहेत." आणि सही करताना रामभाऊंच्या कानाशी म्हणाले, "माझ्या डॉक्टरला कळवू नका."

एसटी आली. सगळे पुरुष साहेबांना पोचवायला थांब्यापर्यंत गेले. सर्जेराव तर गाडीत चढून त्यांना खिडकीशी जागा धरून आले. माळावर बायका उरल्या, आणि दहा चुली, आणि प्रत्येक चुलीत विझवावा की राखून ठेवावा हे न कळलेला विस्तव.

लीलाबाईनं आपला विस्तव राखेत दाबून ठेवला. मग तिनं शेवटच्या घराकडे बघितलं.

आक्काबाई पातेल्यापुढं बसल्या होत्या. एक बोट आमटीत बुडवून त्यांनी जिभेला लावलं होतं. चाखायचं नसतं, हे त्या विसरल्या होत्या. तोंड वाकडं झालं होतं. उजवी मूठ मांडीवर अर्धी उघडी होती, आणि त्या तिच्याकडे दुसऱ्या कुणाचा हात असावा तशा बघत होत्या. बत्तीस माणसांची मूठ. तिला दुसरं माप येतच नव्हतं.

लीलाबाई फटीतून बाहेर पडली. आक्काबाईंच्या दाराशी पायताण काढलं. डोकं वाकवलं आणि आत गेली.

आक्काबाईंनी वर बघितलं नाही.

"लीले," त्या म्हणाल्या, कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात, "दोन मानसास्नी किती घालायचं गं?"

लीलाबाई त्यांच्यापुढं बसली. तिनं तीन बोटं जुळवली आणि दाखवली.

आक्काबाईंनी स्वतःची तीन बोटं जुळवून बघितली.

"एवढंच?"

"एवढंच, आक्का."

"बया," आक्काबाई म्हणाल्या.